माझ्या संग्रहातील पाच नाणी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी विद्वान वक्ते बोलून गेले. मी बी.कॉम. झालेला कापडाचा व्यापारी. इतिहास हा माझ्या अभ्यासक्रमात कधी नव्हता. तरीही संयोजकांनी मला येथे उभे केले, कारण गेली अडतीस वर्षे मी जुनी नाणी जमवीत आलो आहे, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आजमितीस माझ्या वहीत ३१८ नाण्यांची नोंद आहे. वही म्हणतो ती शब्दशः वहीच आहे. दुकानात मालाची आवक जशी लिहितो, तशीच तीत प्रत्येक नाण्याची तारीख, वजन, ते कोणत्या गावाकडून आले, कोणी आणले आणि काय भाव पडला, हे लिहिलेले आहे. संयोजकांनी सांगितले, ‘‘सगळी सांगू नका, आवडती पाच निवडा.’’ दिसायला सोपे वाटणारे हे काम करण्यात माझे दोन महिने गेले.

दोन महिने लागण्यास आणखी एक कारण होते. सुवर्णमहोत्सवाची तयारी सुरू झाल्यावर आपल्याच काही हितचिंतकांनी मला सुचविले की, हा संग्रह लिलावात विकावा आणि येणारी रक्कम ट्रस्टच्या विद्यार्थी वसतिगृहाच्या निधीला द्यावी. सूचना सद्भावनेने केलेली होती आणि वसतिगृहाची निकड मलाही मान्य आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वी आपल्याजवळ नेमके काय आहे, हे आपण एकदा नीट पाहावे असे मला वाटले. आज जे सांगणार आहे, ते त्या पाहण्यातून आलेले आहे.

माझ्याकडे आलेला पाहुणा प्रथम सोन्याचे नाणे पाहायला मागतो. ते एकच आहे. देवगिरीच्या यादवांचे, रामचंद्रदेवाच्या काळचे पद्मटंक. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास, किंचित वाटीसारखे खोलगट, मधोमध कमळाचा ठसा आणि कडेने इतर ठसे. सोने उत्तम, झळाळी आजही तशीच. पण या पाचांत मी त्याला बसविलेले नाही. ते मी एका व्यापाऱ्याकडून विकत घेतले. कोठे सापडले हे त्याला सांगता आले नाही, किंवा सांगायचे नव्हते. शिवाय त्याच्यावर घासल्याची खूण नाही. कोणीतरी ते हंड्यात घालून पुरले आणि ते सहाशे-सातशे वर्षे तसेच पडून राहिले. ज्या तागाचा एक वारही कापला गेला नाही, तो गोदामात राहिलेला माल. त्याच्याविषयी गिऱ्हाईक काय म्हणाले, हे आपल्याला कधीच कळत नाही. माझा ओढा वापरलेल्या नाण्यांकडे आहे.

त्यातले पहिले हे चांदीचे आहत नाणे, म्हणजे कार्षापण. आपल्या प्राकृत ग्रंथांत ज्याला ‘काहावण’ म्हणतात तेच. पहिल्या दृष्टीस हे नाणे वाटतच नाही. चांदीच्या पत्र्याचा एक वेडावाकडा, चौकोनी तुकडा. त्याचे दोन कोपरे कातरलेले आहेत. हे कातरणे म्हणजे ओबडधोबड काम नव्हे. पत्र्याची पट्टी कापून तुकडे पाडायचे, तराजूत घालायचे आणि जास्त भरेल तेवढा कोपरा छाटून टाकायचा, अशी ती पद्धत होती. प्रमाण ३२ रत्तींचे, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमचे. आकार कसाही असो, वजन बरोबर हवे. कापड वाकडे फाडले तरी चालेल, वार कमी भरता कामा नये, तसाच हा न्याय.

नाण्याच्या एका बाजूला पाच वेगवेगळे ठसे आहेत. सूर्य, सहा आरांचे एक चिन्ह, आणि आणखी तीन, त्यांपैकी एक अर्धवट उमटलेला. राजाचे नाव नाही, साल नाही, अक्षर म्हणून एकही नाही. मौर्यकाळी आणि त्याच्या आगेमागे कित्येक शतके ही नाणी देशभर चालली, पण ती कोणाच्या नावाने चालली हे नाणे सांगत नाही. मागची बाजू उलटली की माझ्या दृष्टीने खरी गंमत सुरू होते. तेथे बारीक बारीक ठसे आहेत. माझ्या नाण्यावर चार. पुढचे ठसे टांकसाळीचे, मागचे पुष्कळसे पारख करणाऱ्यांचे, असे अनेक अभ्यासक मानतात.

याचा छडा ज्यांनी शास्त्रीय रीतीने लावला, ते दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्याचे, व्यवसायाने गणिती, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. त्यांनी ही आहत नाणी हजारोंच्या संख्येने अचूक काट्यावर तोलली. कल्पना साधी होती. नाणे जितकी वर्षे हातोहात फिरते, तितके ते झिजते. म्हणून एका ढिगातली नाणी वजनांवरून जुनी-नवी लावता येतील. पडताळ्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीसुद्धा तोलून पाहिली. आणि त्यांना असे आढळले की, मागच्या बाजूचे ठसे जसजसे वाढतात, तसतसे वजन सरासरीने घटते. म्हणजे ठराविक काळाने कोणीतरी नाणे तपासत होते, तोलत होते आणि ‘हे चालेल’ म्हणून आपली खूण उमटवीत होते. राजाचे नाव नसलेले नाणे बाजाराच्या सहीवर चालत होते.

माझे हे नाणे ३.१ ग्रॅम भरते. जे गेले ते कोणी चोरले नाही. गाठीत बांधून, मुठीत धरून, फळीवर आपटून लोकांच्या हातांनी गेले. मी हे सराफाकडून मोडीच्या भावाने घेतले. त्याने तोळ्याच्या हिशेबाने पैसे लावले आणि वर ‘‘चांदी चांगली आहे, शेठ, पण पत्रा वाकडा आहे’’ असेही सांगितले.

दुसरे नाणे हे पाचांतले मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून त्याला थोडा अधिक वेळ देतो. हे चांदीचे, वाटोळे, दोन-सव्वादोन ग्रॅमचे. नीट पाहिले तर एका नाण्यावर दोन नाणी दिसतात. खाली एका पुरुषाचा चेहरा आहे, उजवीकडे तोंड केलेला. त्याच्याभोवती ग्रीक लिपीतली अक्षरे. मागे बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत ‘क्षहरात नहपान’ राजाचे नाव. या सगळ्याच्या वर, त्या राजाच्या गालावरच, तीन कमानींच्या टेकडीचा ठसा मारलेला आहे आणि भोवती नवे नाव आहे : गौतमीपुत्र श्री सातकर्णी. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे अधिक चिन्हाने जोडलेले, उज्जयिनी चिन्ह म्हणून ओळखले जाणारे चिन्ह. नहपान हा पश्चिमेकडचा शक क्षत्रप. त्याचा पराभव करणारा गौतमीपुत्र हा सातवाहन, प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा.

१९०६ साली आपल्याच नाशिक जिल्ह्यात, जोगलटेंभी येथे, या नाण्यांचा फार मोठा साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५० होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा होता. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून पुढच्याच वर्षी त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात गौतमीपुत्राच्या मातेने, गौतमी बलश्रीने, आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचे कोरून ठेवले आहे. वंश निःशेष केला. नाणी मात्र निःशेष केली नाहीत. वितळवून नवी पाडण्याऐवजी शत्रूच्याच नाण्यावर आपला ठसा मारून ती पुन्हा बाजारात सोडली.

व्यापाऱ्याला यातले शहाणपण चटकन कळते. चलन रद्द झाले म्हणजे बाजारपेठेची काय अवस्था होते, हे आपण सर्वांनी ८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या आठवड्यांत पाचशे आणि हजाराच्या नोटा हातात धरून अनुभवले आहे. त्याची योग्यायोग्यता हा आजचा विषय नव्हे. मी एवढेच म्हणेन की, राज्य बदलले तरी ज्या विणकराच्या, तेल्याच्या किंवा धान्यवाल्याच्या गाठीला नहपानाची चांदी होती, ती चांदी ठसा मारल्यावरही चांदीच राहिली.

विणकर हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपण पांडवलेण्यांत सहलीला जातो, तेथे दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेवले. कोठे ठेवले? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. त्या वेळी बँका नव्हत्या. कापड विणणाऱ्यांची श्रेणी ठेव घेत होती. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. शिलालेखात स्पष्ट म्हटले आहे की हे मूळ कार्षापण परत द्यायचे नाहीत, फक्त त्यांची वाढ वापरायची. दोन हजारांच्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे.

मी हे प्रथम वाचले तेव्हा पेन्सिल घेऊन हिशेब केला. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे दोनशे चाळीस. पैन् पै जुळते! शिल्लक शून्य, तूट शून्य. शिवाय हा व्यवहार नगराच्या निगमसभेत वाचून दाखविला आणि नोंदविला, असेही तेथे लिहिले आहे. आपले लेखापरीक्षक आज या सभागृहात बसले आहेत; त्यांनी एकदा तो शिलालेख पाहून यावा, अशी माझी विनंती आहे. आक्षेप काढायला जागा सापडणार नाही.

नहपानाची आणखी एक हकिगत आपल्या वाङ्मयात आहे, ती येथे सांगायला हवी. आवश्यकसूत्रावरील निर्युक्ती-चूर्णीच्या परंपरेत भरुकच्छचा, म्हणजे भडोचचा राजा नहवाहन आणि प्रतिष्ठानचा शालिवाहन यांच्या वैराची कथा येते. एकाकडे खजिना अफाट, दुसऱ्याकडे सैन्य बलाढ्य. शालिवाहन वारंवार वेढा घाली, पण नहवाहन शत्रूचे योद्धे मारून आणणाऱ्याला भरपूर बक्षीस देई. त्यामुळे दर खेपेस हानी शालिवाहनाचीच होई. शेवटी शालिवाहनाच्या अमात्याने हद्दपार झाल्याचे सोंग केले, नहवाहनाच्या पदरी जाऊन विश्वास संपादन केला आणि राजाला पुण्यकर्मांत द्रव्य खर्च करण्याची गोडी लावली. खजिना रिकामा झाला आणि नगर पडले. नहवाहन म्हणजेच नहपान, असे अभ्यासक मानतात. कथेतला बारीकसारीक तपशील किती धरावा, हा पंडितांचा प्रश्न. पण जोगलटेंभीचा ढीग डोळ्यांसमोर आणला की ‘खजिना अफाट’ हे शब्द पोकळ वाटत नाहीत. आणि मूळ रकमेला हात न लावण्याचा नियम जावयाने दगडात कोरून ठेवला असता सासऱ्याने तो पाळू नये, याची मला कथा वाचताना गंमत वाटते.

येथे थोडे विषयांतर करतो. नाण्यांवर टेकडीचे चिन्ह असते, स्वस्तिक असते, क्वचित श्रीवत्सासारखी आकृती असते. आपली मंडळी ते पाहून लगेच विचारतात, ‘‘हे आपले नाणे ना?’’ मी नम्रपणे ‘‘तसे म्हणता येणार नाही’’ असे सांगतो. ही चिन्हे त्या काळी सर्वांची होती. ती दिसली म्हणून राजा जैन ठरत नाही. आपला नाण्यांशी असलेला संबंध अशा ओढाताणीने सिद्ध करण्याची गरजही नाही. दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू या श्रीमाळ जैन गृहस्थाने १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’ नावाचा ग्रंथ लिहिला. देशोदेशीच्या नाण्यांत चांदी किती, सोने किती, वजन किती आणि बदल्यात काय मिळावे, याचा तो ग्रंथ आहे. मध्ययुगातील नाण्यांवर इतका तपशीलवार भारतीय ग्रंथ दुसरा नाही. त्याचे हस्तलिखित विसाव्या शतकात अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांना कोलकात्यात सापडले, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. अभिमानच बाळगायचा, तर या पारखीचा बाळगावा.

तिसरे नाणे पश्चिम क्षत्रपांपैकी पहिल्या रुद्रसेनाचे. हेही चांदीचे, करंगळीच्या नखापेक्षा थोडे मोठे. ते मला आवडते ते एका शुद्ध कारकुनी कारणासाठी : त्याच्यावर साल आहे. राजाच्या डोक्यामागे ब्राह्मी अंकांत शकवर्ष. त्या अंकलेखनात शून्य नव्हते. शंभराचे एक चिन्ह, तिसाचे एक, पाचाचे एक. तिन्ही शेजारी मांडली की १३५. त्यात ७८ मिळवा, इ.स. २१३. एवढ्याशा जागेत मागच्या बाजूला बापाचे नाव, त्याची पदवी, मुलाचे नाव आणि त्याची पदवी : राजा महाक्षत्रप रुद्रसिंह याचा पुत्र राजा महाक्षत्रप रुद्रसेन. आपल्या बाजारपेठेतल्या ‘अमुक शेठ आणि सन्स’ या पाट्यांची मला आठवण होते. बाप महाक्षत्रप, मुलगा क्षत्रप, आणि दोघांच्याही नावाची नाणी एकाच वेळी, असेही त्या घराण्यात चालत असे. या सालांमुळेच त्या घराण्याची वंशावळ अभ्यासकांना जवळजवळ वर्षवार लावता आली. त्या काळच्या इतर कितीतरी राजांच्या बाबतीत पन्नास-पन्नास वर्षांचे वाद आहेत, येथे हिशेब तारखेसह लिहिलेला आहे.

चौथ्याविषयी फार बोलत नाही. हे सातवाहनांचे पोटिनचे नाणे. तांबे, कथील, शिसे यांचा मिश्र धातू. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. राजाचे नाव अर्धे काठाबाहेर गेलेले. ‘सातकणिस’ एवढेच वाचता येते. ही रोजच्या बाजारातली मोड होती, भाजीपाल्याची आणि मिठाची. किंमत विचाराल तर माझ्या संग्रहातले हे जवळजवळ सर्वांत स्वस्त नाणे आहे. पण १९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळा येथे अशीच सुमारे १,६०० पोटिन नाणी सापडली आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, तेव्हा पुराणांतील याद्यांत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे सातवाहन राजे प्रथमच उजेडात आले. ती नाणी एकत्र राहिली, एका जाणकाराच्या हाती पडली, म्हणून हे झाले. सुटी सुटी दहा बाजारांत गेली असती, तर कुंभ सातकर्णी कोणाच्या लेखी जन्मलाच नसता.

जाता जाता संग्राहकांसाठी एक सूचना. शिशाची किंवा शिसेमिश्रित नाणी लाकडी पेटीत ठेवू नयेत. लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी त्यांवर पांढरी भुकटी धरते आणि नाणे पोखरले जाते. चिंच, लिंबू लावून जुनी नाणी चकचकीत करणे हाही अपराधच समजावा.

पाचवे नाणे कलचुरी राजा कृष्णराजाचे. काळ इ.स. सहाव्या शतकाचा उत्तरार्ध. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि भोवती लेख : परममाहेश्वर, मातापितरांच्या चरणांचे ध्यान करणारा श्री कृष्णराज. हे आणि मघाचे नहपानाचे नाणे मी आज शेजारी शेजारी ठेवले आहे. मध्ये चार-पाचशे वर्षे गेली. क्षत्रप गेले, गुप्त आले, त्रैकूटक आले आणि गेले. तरी चांदीच्या नाण्याचा आकार तोच, वजन जवळपास तेच, आणि पुढच्या बाजूला चेहराही तसाच. कारागिरी मात्र उतरत गेली आहे. आमच्या धंद्यातही गिऱ्हाइकाला पन्ह्याची सवय झाली की मागवाल तो नवा मालही त्याच पन्ह्याचा मागवावा लागतो.

अशी नाणी नाशिक जिल्ह्यात सापडली, मुंबई-साष्टीला सापडली, साताऱ्याकडेही सापडली. पण ज्यामुळे मी हे नाणे निवडले, ती गोष्ट अंजनेरीच्या ताम्रपटातली आहे. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरची आपली अंजनेरी. भोगशक्ती नावाच्या राजाने कलचुरी संवत् ४६१, म्हणजे इ.स. ७०९-१० च्या सुमारास दिलेल्या ताम्रपटात ‘कृष्णराज-रूपक’ या नाण्याचा उल्लेख येतो. कृष्णराज जाऊन तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. त्याचे घराणे संपले होते, चालुक्यांचा अंमल आला होता. तरी देण्याघेण्यात नाव त्याच्या रूपकाचे. सिंहासन नाही, सैन्य नाही, वारस नाही. केवळ नाण्याच्या कसावर एका माणसाचे नाव इतकी वर्षे बाजारात चालले. त्याच भोगशक्तीच्या दुसऱ्या ताम्रपटात एक उजाड झालेले नगर पुन्हा वसविताना तेथील व्यापाऱ्यांना जकात माफ केल्याचे वाचायला मिळते. मिराशींनी हे दोन्ही ताम्रपट संपादित केले आहेत.

त्याच अंजनेरीत शके १०६३ चा, यादव सेउणचंद्राच्या काळचा एक शिलालेख आहे. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिरासाठी राजाने तीन दुकाने दिली, आणि वत्सराज नावाच्या व्यापाऱ्याने आणखी एक दुकान व एक घर दिले, अशी त्यात नोंद आहे. रोख रक्कम नव्हे, दुकाने. भाडे येत राहावे आणि मंदिराचा खर्च चालावा. आपल्या ट्रस्टच्या इमारतीखालचे गाळे ज्या विश्वस्तांनी पन्नास वर्षांपूर्वी बांधले, त्यांनी हा लेख वाचला असण्याची शक्यता नाही. पण विचार त्यांनी तोच केला.

आता हितचिंतकांच्या सूचनेकडे येतो.

लिलावात ही पाच नाणी ठेवली, तर चांगला भाव फक्त ठशावर ठसा असलेल्या नाण्याला येईल. बाकीची चार मिळून वसतिगृहाची एक खोलीही रंगवून होणार नाही. आणि लिलावात नाणे जाते, वही जात नाही. कोणते नाणे कोणत्या गावाच्या शिवारातून आले, कोणत्या दोन नाण्यांची जोडी एकाच गाठोड्यातून निघाली, हे ज्या ओळींत लिहिले आहे, त्या ओळी निरुपयोगी होतात. मग कृष्णराजाचे नाणे अंजनेरीजवळ सापडले काय किंवा साष्टीत सापडले काय, सारखेच. आधीच अशी माहिती फार नष्ट होते. जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असा कायदा १८७८ पासून आहे. पण त्याच्या धास्तीने सापडलेले धन पुष्कळदा रातोरात मुशीत जाते आणि सकाळी लगड होऊन बाहेर येते. जे वाचले, ते तरी एकत्र राहावे असे मला वाटते.

म्हणून मी घरी सर्वांशी बोलून पुढीलप्रमाणे ठरविले आहे व तसे लेखी करून ठेवले आहे. पद्मटंक मी वसतिगृह निधीला देत आहे. त्याची नोंद माझ्या वहीत जवळजवळ कोरी आहे. ते विकल्याने ज्ञानाची हानी होणार नाही, आणि एकट्या त्याची किंमत या पाचांच्या एकत्रित किमतीहून बरीच अधिक येईल. विक्री देशातच आणि रीतसर परवाना असलेल्या व्यापाऱ्यामार्फत व्हावी, एवढी अट आहे, कारण शंभर वर्षांपूर्वीची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाहीत. उरलेली ३१७ नाणी आणि वही मुलांमध्ये वाटली जाणार नाहीत. ती अभ्यासकांना पाहता येतील अशा सार्वजनिक संस्थेकडे एकत्र जातील. नाणी मोडायची नाहीत, विकायची नाहीत, अदलाबदलही करायची नाहीत, फक्त अभ्यासायची. उषवदाताच्या भाषेत ही अक्षयनीवी समजावी.

माझ्या धाकट्या मुलाने विचारले, ‘‘बाबा, एक तरी आठवण म्हणून घरी ठेवूया ना?’’ मी त्याला पोटिनचा हत्ती दाखविला. तशी माझ्याकडे सहा आहेत, पैकी दोन एकाच ठशाची दिसतात. पण ती दोन एकाच ठशाची आहेत का, हे जो कोणी ठरवील, त्याच्या हाताखाली दोन्ही असायला हवीत. तेव्हा त्याला मी माझे भिंग दिले आहे. कापडाचे सूत मोजायला माझ्या वडिलांनी घेतलेले ते भिंग. त्याच भिंगाने मी ही सर्व नाणी वाचली.

बाहेरच्या टेबलावर आज पाचही नाणी मांडली आहेत आणि भिंगही तेथेच आहे. कृपया रांगेने पाहावे. नाणे नेहमी कडेने धरावे, अंगठा चेहऱ्यावर ठेवू नये. मुलांना आधी आहत नाण्याची मागची बाजू दाखवा आणि ठसे मोजायला सांगा. मी चार सांगितले. परवा एका दहा वर्षांच्या मुलीने मला पाचवा दाखविला आणि मला तो अजून नीटसा दिसलेला नाही. ज्यांची दृष्टी तीक्ष्ण असेल त्यांनी मत द्यावे, वहीत नोंद करून घेईन.